दुसऱ्याची बॅग

हातमोज्यांचं माप दहा. हाताचं माप सात.

•

लिफ्ट मधेच अडकली की आतली माणसं आधी वर बघतात. खाली कुणीच बघत नाही.

•

चार उकडलेली अंडी. सोललेली नाहीत.

•

साच्यातलं प्लास्टर बसायला आठ मिनिटं लागतात. सातव्या मिनिटाला कुणी बोट लावलं तर तो ठसा कवळीत उतरतो आणि त्या माणसाच्या टाळूला वर्षानुवर्षं टोचत राहतो.

•

बैठकीच्या खोलीतला बल्ब गेला तेव्हा वहिनीने शेजाऱ्याला हाक मारली. स्टूल तिने स्वतः धरलं. घरचा मालक सोफ्यावरच बसून होता. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

•

डोंगरावर वर्षातला पहिला बर्फ पडतो त्या दिवशी गावात नुसता वारा सुटलेला असतो.

•

बाई

बाई पन्नाशी ओलांडलेली. काटकुळी, आणि उंची अशी की बसमधल्या वरच्या दांडीला हात पुरत नाही. काम कवळ्या बनवायचं. चपलांच्या दुकानावरच्या मजल्यावर तिची खोली. लांब टेबल, गॅसचा छोटा बर्नर, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, आणि भिंतीला लागून फळीवर गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे प्लास्टरचे जबडे, नंबर घालून ओळीने मांडलेले. रस्त्यात एखादा भेटला तर चेहऱ्यावरून तिला काही उमगत नाही. हसला की लगेच नंबर आठवतो.

लग्न केलं नाही. का नाही, हे विचारायचं लोकांनी पंधरा वर्षांपूर्वीच सोडलं.

लहानपणी ती झाडावर चढायची आणि खिशात शेंगदाणे साठवायची, म्हणून भावाने तिला खारूताई म्हणायला सुरुवात केली. पुढे ताई गळून पडली. खार राहिली.

दादा

सहा वर्षांनी मोठा. चौतीस वर्षं लिफ्टचा मेकॅनिक. इमारतीच्या पोटातल्या त्या काळ्या विहिरीत, लिफ्टच्या टपावर उभा राहून तो डबा खायचा. खाली आठ मजले, वर तेलकट दोरखंड, आणि हा मजेत.

यंदाच्या उन्हाळ्याआधी एका दुपारी तो असाच टपावर उभा होता आणि ती विहीर फिरायला लागली. दोरखंडाला मिठी मारून तो वीस मिनिटं उभा राहिला. डॉक्टर म्हणाले, कानाच्या आतला दोष आहे, तोल तिथेच असतो. औषधाने उलट्या थांबल्या. गरगरणं काही थांबलं नाही. आता स्टुलावर चढायचं म्हटलं तरी त्याच्या तोंडचं पाणी पळतं. तो हे कबूल करत नाही, टीव्हीचा आवाज वाढवतो.

करवत

गावाच्या वर एक दगडी धार आहे. लांबून करवतीसारखी दिसते, म्हणून सगळे तिला करवत म्हणतात. तिला सात दात. खार आणि दादाने त्यांना नावं ठेवली ती खारीच्या धंद्यातली. पुढचे दोन पटाशीचे. तिसरा सुळा. चौथी आणि पाचवी उपदाढ, त्यांच्यामधे एक फट. मग दाढ. शेवटी अक्कलदाढ, आणि तिथून पलीकडच्या गावात, रेल्वे स्टेशनात उतरणारी सोपी पायवाट.

दरवर्षी पहिला बर्फ पडला की त्यानंतरच्या रविवारी दोघं अलीकडून चढायचे आणि पलीकडे उतरायचे. चार चाळीसची गाडी पकडून, डोंगराला वळसा घालून घरी. सव्वीस वर्षं. एकदाही मागे फिरले नाहीत.

नियम

पहिल्याच वर्षी सुळ्यावर त्यांचं कडाक्याचं भांडण झालं. कशावरून, ते आता दोघांनाही नक्की सांगता येणार नाही. दोघंही वेगवेगळी कारणं सांगतात. खार तणतणत पुढे निघून गेली आणि सगळं पाणी तिच्याकडे. दादा मागे कोरडा. दुपारी फटीच्या अलीकडे ती भेटली तेव्हा त्याचे ओठ फुटले होते आणि तिचे हात गारठून लाकूड झाले होते, कारण हातमोजे त्याच्याकडे.

त्यावर दादाने नियम केला. एकाचं सामान दुसऱ्याच्या पाठीवर. खार दादाची बॅग भरणार आणि वाहणार, दादा खारीची. दादाचं खाणं, दादाचा चहा, दादाचे हातमोजे हिच्याकडे. हिचं सगळं त्याच्याकडे.

"आता जा रुसून," तो म्हणाला होता. "बघू किती लांब जातेस."

जेवणाचं टेबल, चढाईच्या आधी नऊ दिवस

"यंदा मी एकटी जाईन म्हणते," खार म्हणाली.

वहिनीने पातेल्याचं झाकण उगाच उघडून बंद केलं.

"जा की," दादा म्हणाला.

"तू असं म्हणतोस जसं काही मला जमणारच नाही."

"मी काय म्हणालो? जा म्हणालो."

"सव्वीस वर्षं चढतेय."

दादाने पाणी प्यायलं. पेला खाली ठेवला. "माझ्या मागे," तो म्हणाला.

वहिनी म्हणाली, "अहो."

"खोटं आहे का? हिला विचार, फटीवर आधी कोण जातं."

त्यानंतर खारीने जेवण पूर्ण केलं, ताट धुतलं, वहिनीकडे रुमाल मागून हात पुसले आणि घरी आली. पण त्या दोन शब्दांचा ठसा बसला तो बसलाच. आपण सव्वीस वर्षं चढत होतो, की कुणीतरी आपल्याला नेत होतं? कवळी तोंडात बसते की नाही हे ती तोंडात घालूनच कळतं, बोलून नाही. म्हणून तिला जायचं होतं. अलीकडून पलीकडे, एकटीने, एकदा. आणि मग चार चाळीसच्या गाडीतून फोन करायचा होता.

नऊ दिवस ती भावाच्या घरी फिरकली नाही. एरवी शनिवारी सकाळी ती दादाचे पायमोजे आणि हातमोजे न्यायला जायची, तेव्हा दारातच चहा व्हायचा. यंदा तेही नाही. ते सामान मागच्या हिवाळ्यापासून तिच्याच कपाटात पडलं होतं.

पटाशीचे दोन

सकाळी सातची पहिली बस. शेवटच्या थांब्यावर ती एकटीच उतरली. झाडी संपेपर्यंत वाट चांगली होती, पानांवर पांढरं दव गोठलेलं, पायाखाली चुरचुर वाजणारं. मग दगड सुरू झाला.

पटाशीचे दोन दात म्हणजे हातपाय वापरून चढायचे मोठे पायरीसारखे कातळ. दरवर्षी इथे दादा मागे न बघता म्हणायचा, "कृपया दरवाज्यापासून दूर उभे राहा." सव्वीस वर्षं तोच विनोद. ती हसायची नाही, त्यालाही अपेक्षा नसायची.

आज तिथे कुणीच काही म्हणालं नाही. ती पहिला दात चढली, आणि वर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण एक क्षण थांबलो होतो. त्या वाक्यासाठी जागा सोडली होती.

"कृपया दरवाज्यापासून," ती म्हणाली, आणि स्वतःच्या आवाजाने दचकली. पुढचं बोलली नाही.

हातात घरचे लोकरीचे पातळ हातमोजे होते, बाजारात जाताना घालायचे. दुसऱ्या दातावर बर्फ खाचांमधे भरला होता, साच्यात प्लास्टर भरावं तसा, कडेपर्यंत, नीट. ती बोटांनी तो उकरायची आणि पकड शोधायची. लोकर भिजली. मग गोठली. मग दगडाला चिकटायला लागली.

हरकत नाही, ती म्हणाली. चांगले कातडी हातमोजे बॅगेत आहेत. सुळ्याखाली काढू.

सुळा

सुळ्याखाली वाऱ्याआड बसायला एक कोनाडा आहे. तिथे बसून तिने बॅग उघडली.

वर हातमोजे होते. माप दहा. दादाचे.

ती त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग एकेक वस्तू काढून गुडघ्यांवर मांडली.

थर्मासमधे चहा, बिनसाखरेचा. दादाला साखर चालत नाही. हिला बिनसाखरेच्या चहाने मळमळतं.

चार उकडलेली अंडी. ही अंडी खात नाही. वासही सहन होत नाही. काल उकडताना तिने खिडकी उघडली होती, आणि आपण हे का करतोय हा प्रश्न तिच्या मनाला शिवलाही नव्हता.

लोकरीचे जाड पायमोजे, दोन जोड, लांबलचक.

दादाचा जवळचा चष्मा.

बॅटरी.

आणि तिचे स्वतःचे हातमोजे, गुडघ्याचा पट्टा, जॅम लावलेला ब्रेड, गोड चहा? ते दादाकडे असतं. ते तिने भरलं नाही, कारण ते भरणं तिचं काम नव्हतं. पंचवीस वर्षं शनिवारी संध्याकाळी तिचे हात जे करत आले होते तेच त्यांनी काल केलं होतं. डोकं रुसलेलं होतं. हातांना कुणी कळवलंच नव्हतं.

तिला हसू आलं. खरोखर आलं, पोटातून. आणि हे कुणाला सांगावं असं वाटलं, तेव्हा ज्याला सांगायचं तो एकच माणूस होता, आणि त्यालाच सांगता येणार नव्हतं.

तिने दादाचे हातमोजे घालून बघितले. बोटांच्या टोकांशी एकेक पेर रिकामं. ऊब होती, पकड नव्हती. मूठ वळली की कातडं आधी वळायचं आणि तिचं बोट मागून यायचं.

तिने एक अंडं सोललं. नाक दाबून खाल्लं. वरून तो कडू चहा प्यायली. "कसं खातोस रे हे," असं म्हणाली, मोठ्याने.

मग सुळा चढली. अवघड जागी हातमोजे दातात धरून, उघड्या हातांनी.

चौथा, उपदाढ

साडेबारा वाजले होते. इथे माथा जरा सपाट आहे, आणि सगळ्या करवतीवर फोन लागतो तो फक्त इथे. दोन्हीकडे खोल उतार. अलीकडे गाव, राखाडी, धुराचं. पलीकडे रेल्वेचे रूळ, पेन्सिलीने ओढल्यासारखे. मधे ती. आकाशात एकही पक्षी नव्हता. वारा थांबला की इतकी शांतता व्हायची की तिला आपल्याच जबड्यातल्या दातांचा कडकड आवाज यायचा.

तिने फोन लावला. वहिनीने उचलला.

"अगं, कुठे आहेस?"

"चौथ्यावर."

"बरी आहेस ना? आवाज असा का येतोय?"

"वारा आहे. दादा कुठंय?"

"हे ना? सकाळपासून दाराशी खुर्ची टाकून बसलेत. चपला ठेवायच्या कपाटाला टेकून. कुणाची वाट बघतायत देव जाणे. बोलावू?"

"बोलाव."

फोनवर हात ठेवल्याचा आवाज. दबक्या आवाजात काहीतरी. मग वहिनी परत.

"नाही म्हणतात. तुला फट नीट बघ म्हणतात."

"बघते म्हणावं."

"सगळं ठीक आहे ना गं?"

आता सांगता आलं असतं. वहिनी, मी गाढव आहे, मी दादाचीच बॅग भरली. वहिनी हसली असती, दाराशी जाऊन सांगितलं असतं, आणि दादा... पण 'माझ्या मागे' हे शब्द अजून टाळूला टोचत होते.

"सगळं ठीक," खार म्हणाली.

फट

चौथ्या आणि पाचव्यामधे कातळ तुटलेला आहे. एक पाऊल रुंद. घरातल्या जमिनीवर एवढं अंतर लहान मूलही ओलांडेल. इथे खाली काहीच नाही. पाऊल टाकताना पलीकडच्या पात्यासारख्या कडेला दोन्ही हातांनी धरावं लागतं आणि पूर्ण अंग बोटांवर तोलावं लागतं.

आधी दादा जायचा, हे खरं. पण त्याने कधी हात दिला नाही. पलीकडे उभा राहून तो दुसरीकडेच बघायचा, जसं काही स्टेशनवर गाडीची वाट बघतोय. ती आली की चालायला लागायचा. एवढंच. एवढ्याच मदतीला ती मदत म्हणत नव्हती.

ती फटीशी उभी राहिली. पलीकडच्या कडेवर पातळ, पारदर्शक बर्फ होता, दातांवर पॉलिश चढवावं तसा. दादाचे हातमोजे घालून कडा धरली: कातडं सरकलं. काढून धरली: पाच मोजेपर्यंत बोटं दुखली, दहानंतर दुखायची थांबली. हे जास्त वाईट.

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

बोटं बगलेत धरून ती बसली. एक उडी मारली की पलीकडे. पाचवा, दाढ, अक्कलदाढ, चार चाळीस. पोचले दादा, एकटी. ते वाक्य तिने नऊ दिवस घासून गुळगुळीत केलं होतं. आणि बोटं सुटली तर? कवळ्या बनवणारीची बोटं. फळीवर सत्तावीस जबडे कवळीची वाट बघत बसलेत, त्यातल्या एकाच्या नातीचं येत्या रविवारी लग्न आहे आणि त्याला हसायचंय.

पलीकडे कुणीतरी नुसतं उभं असतं तर गेली असती. हे तिला तिथे बसल्या बसल्या स्पष्ट कळलं. हात द्यायला नको. नुसतं उभं. दुसरीकडे बघत.

पाऊण वाजून गेल्यावर ती उठली आणि मागे वळली.

पाचवा, सहावा, सातवा

इथे ती आली नाही.

सुळा, उलटा

सव्वीस वर्षांत जी वाट फक्त समोरून बघितली ती मागून ओळखूच येत नाही. सुळा चढताना जिथे पायऱ्या होत्या तिथे उतरताना नुसता उतार दिसत होता, वर काचेसारखा बर्फ. तिने एक पाय खाली टाकला. बूट सरकला. दगडावर छातीने आपटून ती थांबली आणि तशीच राहिली, गाल कातळाला लावून.

मग तिला विहीर आठवली. डोंगराची नव्हे; लिफ्टची. तरुणपणी एकदा ती दादाला डबा द्यायला एका इमारतीत गेली होती. तो टपावरून तेलाने माखलेल्या पत्र्यावर आरामात चालत आला आणि त्याच्या पायांकडे बघून ती खोखो हसली. बुटांवर त्याने जुने पायमोजे चढवले होते.

"हसतेस काय? रबर तेलावर घसरतं. लोकर धरते."

ती कशीबशी सुळ्याच्या माथ्यावर परत चढली. दादाचे पायमोजे काढले. आपल्या बुटांवर ओढून बघितले. बसले. तिचे स्वतःचे असते तर टाचेपर्यंतही गेले नसते. दुसरी जोडी तिने पहिलीवर चढवली. हातांत दादाचे हातमोजे घातले, कारण आता पकड पायांनी करायची होती, हातांनी नुसतं टेकायचं होतं.

पाय ठेवला. लोकर गोठलेल्या दगडाला धरून राहिली, मांजर गादीला धरते तशी.

ती उतरली. सुळा, मग दुसरा दात, मग पहिला. अडीच तास लागले. उजवा गुडघा पट्ट्याशिवाय ओरडत होता. उरलेली तीन अंडी तिने वाटेत खाल्ली, एकेक, नाक न दाबता.

बस

थांब्यावर बस उभी होती. ड्रायव्हर दारात बसून हात चोळत होता. तिच्या पायांकडे त्याचं लक्ष गेलं.

"बाई, मोजे आत असतात. बूट बाहेर."

"माहितीये."

"नाही, म्हटलं घाईत निघालात की काय."

"माझे नाहीयेत ते."

"मग तर प्रश्नच मिटला," ड्रायव्हर म्हणाला, आणि इंजिन चालू केलं.

ती खिडकीशी बसली. बसमधे ती एकटी. चार वाजून दहा मिनिटं. तिने फोन लावला.

"पोचले, वहिनी."

"सुटलीस बाई! थांब हं." मग लांबून, "पोचली म्हणतेय." मग जवळून, "हे विचारतायत, कुठल्या बाजूला उतरलीस?"

खारीने पायांकडे बघितलं. मोज्यांच्या टाचा फाटल्या होत्या, लोकरीत अडकलेला बर्फ विरघळून जमिनीवर थेंब थेंब पडत होता.

"पलीकडे सांग."

"पलीकडे म्हणतेय."

बस वळणावर आली. ड्रायव्हरने लांबलचक हॉर्न दिला.

हॉर्न फोनमधून तिकडच्या खोलीत पोचला. मग दादाचा आवाज आला, तिच्याशी नाही, खोलीशी बोलल्यासारखा.

"पलीकडे बस नाही."

खुर्ची सरकली. दार लागलं, की उघडलं, ते कळलं नाही.

"ठेवते हं," वहिनी म्हणाली. "भाजी लागतेय खाली."

खारीने फोन मांडीवर ठेवला. मग हातमोजे काढून एकात एक घातले. बाहेर गावातले दिवे लागायला सुरुवात झाली होती. डोंगर मागच्या काचेत होता. ती मागे वळून बघण्यासाठी फार थकली होती, म्हणून ड्रायव्हरच्या आरशात बघत राहिली. सातही दात दिसत होते, उलट्या क्रमाने.

•

आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी दादाने खारीची बॅग भरून चपलांच्या कपाटाजवळ ठेवली होती: कातडी हातमोजे, माप सात, गुडघ्याचा पट्टा, जॅम लावलेला ब्रेड, साखर घातलेला चहा.